टी कुठे गेला?

इच्छापूर, जि. बऱ्हाणपूर

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली तुझ्यामुळे गेल्या, पोरगा धड जेवत नाही, म्हणून रडत होती. मग दादाने नीट सांगितलं. सामाईक डिरेक्टरीत एकाला अडचण आली म्हणून तू थेट सीएचमॉड ७७७ मारलंस. साहेबांना सांगितलंस का, की अजून तोंड लपवून बसलायस?

अरे, ती आधी १७७७ होती! पुढचा तो एक म्हणजे स्टिकी बिट. आधी एलएस -एलडी करून बघितलं असतंस, तर परवानग्यांच्या शेवटी एक्सच्या जागी बारका टी दिसला असता. तू तीनच आकडे दिलेस आणि टी उडाला. युनिक्समध्ये फाइल पुसायला त्या फाइलवर लिहायची परवानगी लागतच नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरची लागते. त्यामुळे कुणाची तरी साफसफाईची स्क्रिप्ट, जी रोज दुसऱ्यांच्या फायलींपाशी अडायची, ती त्या रात्री सगळं झाडून मोकळी झाली.

नवरात्रात इच्छादेवीच्या पायऱ्यांखाली चपलांचा ढीग असतो ना? ठेवायला सगळ्यांना मुभा, उचलायची ती आपापलीच. टी तेवढंच बघतो. फायलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट, बाकी कुणी पुसायचं नाही की नाव बदलायचं नाही. आतला मजकूर मात्र तो राखत नाही, त्याला फायलीच्या स्वतःच्या परवानग्या. डिरेक्टरीसाठी ही सोय ४.३बीएसडीने १९८६ साली आणली. म्हणजे तुझ्या जन्माआधीची गोष्ट, आणि तुम्ही पोरं अजून ७७७ वर अडलेली. साहेबांना सांग बाबा. लपवलेलं लॉगमध्ये निघतंच.

इंदूरला नोकरीत होतो तेव्हा हे सगळं मला एका सरांनी जवळ बसवून शिकवलं. पुढे अण्णा गेले, केळीची बाग बघायला कुणी उरलं नाही, मी गावी आलो. नोकरी सुटल्याचं फारसं वाटत नाही. त्या सरांना एक पत्र टाकायचं राहून गेलं, ते मात्र वाटतं.

असो. फार बोललो. बॅकअप असेल तर त्यावरून फायली परत आण. मग तुमच्या टीमचा गट करून डिरेक्टरीला ३७७० दे. नव्या फायली आपोआप गटाच्या होतील आणि टीही राहील. शेवटी मोठा टी दिसला तर घाबरू नकोस, बाहेरच्यांना आत शिरता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्याची अडचण बघवली नाही तुला, लहानपणापासून तसाच आहेस. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, घर आहे, मी आहे. उद्या सकाळी साहेबांना भेट. आणि आज रात्री पोटभर जेवून आईला फोन कर, ती जागी असेल.

तुझा,
काका