मागील पानावरून पुढे : ब्लॉकचेन आणि आपला विश्वास

काही महिन्यांपूर्वी भिलाईतील आमच्या शाखेत पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक मराठी ग्राहक मुदतठेव मोडण्यासाठी आले. कारण विचारता म्हणाले, "साहेब, पैसे ब्लॉकचेनमध्ये ठेवायचे आहेत. पुतण्या म्हणतो, तिथे फसवणूक होऊच शकत नाही." या तंत्रज्ञानाविषयी समाजात असलेला आदर आणि गैरसमज, दोन्ही या वाक्यात आहेत. म्हणून त्याची तोंडओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

ब्लॉकचेन म्हणजे काय?

जुन्या रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या आरंभी 'मागील पानावरून पुढे' असे लिहून आधीची बेरीज आणली जाई. मधल्या पानावर खाडाखोड केल्यास पुढच्या बेरजा जुळत नसत. ब्लॉकचेनचे तत्त्व असेच आहे. नोंदींच्या प्रत्येक गटात आधीच्या गटाचा गणिती ठसा असतो. शिवाय वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असल्याने एका ठिकाणी केलेला फेरफार लपत नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातून बिटकॉइनची कल्पना पुढे आली. तेव्हापासून ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन, अशी समजूत रूढ झाली.

सामाजिक जीवनातील उपयोग

वस्तुतः चलन हा या वहीचा केवळ एक उपयोग होय. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले. बनावट दाखल्यावर दुसऱ्याच कोणी जागा मिळवली, तर खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची संधी हिरावली जाते. दाखल्यावरील क्यूआर कोडवरून त्याची सत्यता पडताळता येणे, हा तेथे ब्लॉकचेनचा अर्थ आहे.

मर्यादा कोणती?

नोंद बदलली नाही, एवढीच ग्वाही ही वही देते. मूळ नोंद खरी होती का, हे ती सांगत नाही. अपात्र व्यक्तीला दाखला दिला गेला, तर ती चूकही तितक्याच निगुतीने जपली जाईल. म्हणून कागदपत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. त्याचप्रमाणे, १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला, म्हणजे तिला सरकारी हमी मिळाली असे नव्हे. बँकेतील ठेवीला असलेले ठेव विम्याचे संरक्षणही तिला नाही.

त्या ग्राहकांना मी तीनच प्रश्न विचारले : पैसे कोणाच्या नावे जमा होणार? परत देण्यास कोण बांधील? न दिल्यास दाद कोठे मागणार? त्यांनी तेथूनच पुतण्याला दूरध्वनी केला. उत्तर एकाचेही मिळाले नाही. ठेव मोडण्याचा अर्ज घडी घालून त्यांनी खिशात ठेवला.

ग्राहक बंधू-भगिनींनो, तंत्रज्ञान कितीही नवे असो, हे तीन जुने प्रश्न विचारल्याशिवाय आयुष्याची पुंजी कोणाच्याही हाती देऊ नये.