घरासाठी कॅक्टस : ओळख आणि निवड

काटे आहेत आणि खोड मांसल आहे एवढ्यावरून कोणतीही वनस्पती कॅक्टस ठरत नाही. मराठीत 'निवडुंग' हा शब्द दोन अगदी भिन्न कुलांतील वनस्पतींना सरसकट लावला जातो आणि घोटाळ्याचे मूळ बहुतांशी येथेच आहे. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस होय. शेताच्या कुंपणाला लावला जाणारा त्रिधारी निवडुंग आणि शेर हे मात्र एरंडाच्या कुलातील आहेत; घायपात व कोरफड यांचाही कॅक्टसशी काही संबंध नाही. कॅक्टस कुलातील जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातील असून, ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा ही एकच जाती आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही निसर्गतः वाढलेली आढळते. फड्या निवडुंग भारतात परदेशीयांनी आणला. त्यावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यांपासून किरमिजी रंग मिळवावा, या हेतूने 1795 मध्ये ब्राझीलहून किडे आणण्यात आले. परंतु ते हलक्या जातीचे निघाले आणि त्यांनी रंग देण्याऐवजी निवडुंगाचाच फडशा पाडला.

कॅक्टसची निर्णायक खूण म्हणजे 'अ‍ॅरिओल'. खोडावर ठराविक अंतराने लोकरीच्या बारीक गादीसारखे ठिपके दिसतात. काटे, फुले आणि नव्या फांद्या या साऱ्यांचा उगम त्या गादीतूनच होतो. त्रिधारी निवडुंगाचे काटे बहुधा जोडीने असतात आणि ते अशा लोकरी गादीतून निघत नाहीत. रोपवाटिकेत साधे भिंग जवळ बाळगल्यास हा भेद क्षणात उमगतो. चीक निघतो की नाही, ही कसोटी मात्र पुरेशी नाही, कारण मॅमिलेरिया या कॅक्टस प्रजातीतील काही जातींतूनही दुधी चीक निघतो. शिवाय ती धोक्याचीही आहे. एरंडाच्या कुलातील निवडुंगांचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. तसे घडल्यास डोळा भरपूर पाण्याने धुऊन तत्काळ वैद्याकडे जावयास हवे. लहान मुले असलेल्या घरात कुंडी निवडताना ही ओळख केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

खरा कॅक्टस असूनही तसा न ओळखला जाणारा एक प्रकार महाराष्ट्रातील असंख्य घरांत आहे. रात्री उमलणारे जे पांढरे सुगंधी फूल येथे 'ब्रह्मकमळ' म्हणून पूजिले जाते, ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम या कॅक्टसचे असते. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातील आहे. एपिफायलमची पाने वाटतात ती वस्तुतः चपटी खोडे होत. तो मूळचा झाडांवर वाढणारा असल्यामुळे त्यास विरळ सावली मानवते. भर उन्हात तो पिवळा पडतो.

निवड करताना रोपाआधी जागा पाहावी. खिडकीत रोज तीन-चार तास ऊन येत असेल, तर मॅमिलेरिया, एकिनॉप्सिस आणि जिम्नोकॅलिशियम या प्रजाती नवशिक्यास सहसा निराश करीत नाहीत. त्यांतील जिम्नोकॅलिशियम कमी उन्हातही तग धरते. रेबुशियाची फुले मोहक खरी, पण तिला थंड डोंगराळ हवा हवी. सिमला अथवा दार्जिलिंग येथे ती बहरते, नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. कोकणात आणि केरळात उन्हापेक्षा पाऊस अधिक घातक ठरतो, म्हणून तेथे छताखालची उजेडाची जागा नसल्यास कॅक्टसचा मोह टाळलेलाच बरा. सोनेरी काट्यांचा गोल एकिनोकॅक्टस सर्वांनाच आवडतो. मात्र तो फुलण्यास पंधरा-वीस वर्षे लागू शकतात, हे जाणूनच तो घ्यावा. ओपुन्शिया मायक्रोडेसिस मऊ मखमली भासतो, परंतु त्याचे सूक्ष्म काटे स्पर्श होताच कातडीत रुततात. ते चिकटपट्टीने काढावे लागतात.

बाजारातील लालभडक किंवा पिवळे गोळे हे जिम्नोकॅलिशियमचे हरितद्रव्यहीन प्रकार असून, हिरव्या खुंटावर कलम केलेले असतात. वेगळे काढले तर ते जगत नाहीत आणि कलमही बहुधा थोड्याच वर्षांचे सोबती ठरते. काही विक्रेते रोपांवर सुकी फुले डिंकाने चिकटवतात. खरे फूल अ‍ॅरिओलमधून येते आणि थोड्याच दिवसांत कोमेजते. महिनाभर ताजे दिसणाऱ्या फुलाचा संशय धरावा. रोपाचा बुंधा घट्ट असावा, मऊ वा तपकिरी नसावा. काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. बुंधा खरबरीत, जखमांचे वण असलेला आणि मुळे तोडलेली असतील, तर ते रोप रानातून उपटलेले असण्याचा संभव असतो. 1973 च्या 'साइट्स' करारान्वये जवळजवळ सर्व कॅक्टस जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. बियांपासून वाढवलेली रोपेच घ्यावीत.

घरी आणलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नये. कुंडी बदलली असल्यास आठवडाभर पाणी देऊ नये, म्हणजे दुखावलेली मुळे सुकून भरून येतात.