सुधाकराला कोचावर झोपवण्याआधी

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचं मनोविश्लेषण करायला बसलेला वाचक पंधरा मिनिटांत ‘सुधाकराला लहानपणी आईची माया मिळाली नसणार’ इथवर येऊन पोचतो. त्या आईबद्दल नाटकात काय लिहिलंय, हे बहुधा त्याने पाहिलेलं नसतं. मग फ्रॉइड जिंकतो, गडकरी हरतात, आणि चहा येतो. हे टळावं म्हणून ही कृती. ती चार-सहा जणांच्या वाचनगटासाठी आहे. पुण्यात अशा गटांना तोटा नाही. एकट्यानेही करता येईल, पण खोडून काढणारं कुणी समोर नसलं तर निम्मं काम होत नाही.

साहित्य फार लागत नाही. नाटकाच्या प्रती सगळ्यांकडे शक्यतो एकाच आवृत्तीच्या असाव्यात, म्हणजे ‘तिसऱ्या अंकात कुठे?’ यात वेळ जाणार नाही. लेखक १९१९ सालीच गेले, त्यामुळे नाटकाचा कॉपीराइट केव्हाच संपलाय आणि ते अनेक प्रकाशकांनी छापलंय. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली की काम होतं, नाहीतर जवळचं ग्रंथालय आहेच. याखेरीज एक वही, पेन्सिल आणि फ्रॉइडचा १९१६चा एकच लेख घ्या, मनोविश्लेषणात भेटणाऱ्या काही स्वभावप्रकारांवरचा. ‘स्वप्नांचा अर्थ’ हा त्याचा जाड ग्रंथ सध्या कपाटातच राहू द्या.

पहिल्या बैठकीत सिद्धांताचं नावही काढायचं नाही. भूमिका वाटून घ्या आणि पाचही अंक मोठ्याने वाचा. एका बैठकीत संपणार नाहीत, दोन करा. गडकऱ्यांची वाक्यं लांब, अलंकारांनी ओथंबलेली. मनातल्या मनात वाचताना डोळा त्यांवरून घसरतो, तोंडाने वाचताना धाप लागते. ती धाप कुठे लागते हे टिपून ठेवा, कारण पात्राला गरजेपेक्षा जास्त बोलावं लागतंय अशा जागा तिथेच असतात. पदं मात्र बाजूला ठेवा. ती गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. पदातला एखादा शब्द पकडून ‘गडकऱ्यांच्या नेणिवेत’ शिरणारे विद्वान मी ऐकलेत. बिचारे गुर्जर!

दुसऱ्या बैठकीआधी प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात पात्र स्वतःबद्दल काय म्हणतं, दुसऱ्यात ते प्रत्यक्षात काय करतं, तिसऱ्यात बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात. जिथे पहिला आणि दुसरा रकाना जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने फुली मारा. एका पात्राला सहा-सात फुल्या पुरेत. तीस झाल्या तर तुम्ही पात्र वाचत नसून त्याची उलटतपासणी घेताय.

आता फ्रॉइड उघडायचा. त्या लेखात तीन प्रकारची माणसं आहेत: स्वतःला नियमाला अपवाद समजणारी, यश मिळताच खचणारी आणि अपराधभाव आधीपासून असल्यामुळे गुन्हा करणारी. पहिल्या प्रकारासाठी त्याने शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड घेतलाय. दुसऱ्यासाठी लेडी मॅकबेथ आणि इब्सेनच्या ‘रोस्मर्सहोल्म’मधली रेबेका. म्हणजे शोकांतिकेतली पात्रं घेऊन हे काम कसं करायचं याचा नमुना खुद्द फ्रॉइडनेच घालून दिलाय, आणि त्यात ईडिपसची सरसकट फोडणी नाही. आपल्याला यातला ‘अपवाद’ लागेल. आपल्यावर आधीच अन्याय झालाय, आता जगाने आपल्याला नियम लावू नयेत, अशी ज्याची आतून खात्री असते, असा माणूस.

सुधाकराला या खुर्चीत बसवून बघा. गरिबीतून बुद्धीच्या जोरावर वर आलेला वकील, हुशार, तापट, मानी. कोर्टात त्याचा तोल जातो आणि काही काळापुरती त्याची सनद जाते. इथे थांबा, वहीत या प्रसंगाला अख्खं पान द्या. वकिलाच्या आयुष्यात ही आपत्ती आहे, पण मर्यादित. काही महिने घरी बसायचं, मग परत काम. सुधाकराला मात्र ती सर्वनाशासारखी वाटते. कारण आणि परिणाम यांतलं हे न जुळणारं माप हीच मनोविश्लेषणाच्या कामाची जागा. इथे दारू हे उत्तर म्हणून पुढे करणारा तळीराम तिला सुख म्हणत नाही, विसर म्हणतो, हे लक्षात घ्या. अपमान झालाय तो स्वतःबद्दलच्या चित्राचा, आणि तो पुसायला पेला हवा.

पुढचा पुरावा चौथ्या अंकाच्या आसपास मिळतो. सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, काम मागायला बाहेर पडतो, ओळखीची माणसं त्याला दारुड्या म्हणून झिडकारतात, आणि तो परत पेल्याकडे वळतो. पहिल्या वेळी होता तोच क्रम, अपमान आणि मग पेला. फ्रॉइडने १९२०मध्ये पुनरावृत्तीच्या ओढीबद्दल लिहिलं, त्याच्या एक वर्ष आधी हे नाटक रंगभूमीवर आलं होतं. यावरून गडकऱ्यांना फ्रॉइड माहीत होता असं कुणी म्हणू लागला तर त्याला बाहेर पाठवा. एवढंच म्हणता येतं की दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या शहरांत, एकाच प्रकारच्या माणसाकडे टक लावून पाहत होती.

सुधाकरावर इथेच थांबा. सगळा गट त्याच्यावर तुटून पडतो आणि रामलाल तसाच राहतो. माझ्या मते या नाटकात मनोविश्लेषणाला सगळ्यात जास्त काम रामलालकडे आहे.

रामलाल सुधाकराचा मित्र, सुशिक्षित, सुधारक, सगळ्यांचा आधार. सुधाकराची बालविधवा बहीण शरद त्याच्या देखरेखीखाली येते, तो तिला शिकवतो आणि स्वतःला तिच्या बापाच्या जागी ठेवतो. भगीरथालाही त्यानेच दारूतून बाहेर काढलेलं. त्या भगीरथाचं शरदवर प्रेम बसतं तेव्हा रामलालच्या मनात भलतंच काही उठतं. आधी ते काळजी म्हणून येतं, मग शिस्त म्हणून, मग तत्त्व म्हणून. शेवटी त्याला कळतं की बापाच्या मायेच्या नावाखाली आपण तिच्यावर पुरुष म्हणून प्रेम करतोय, आणि भगीरथाला दूर ठेवण्यामागे मत्सर होता. तो हे स्वतःशी कबूल करतो आणि वाटेतून बाजूला होतो.

आता तीन रकाने परत काढा. ‘स्वतःबद्दल काय म्हणतो’ या रकान्यात आधी वात्सल्य असेल, ‘काय करतो’ या रकान्यात अडवणूक. मान्य न होणाऱ्या इच्छेला चांगलं नाव देऊन पुढे सरकवणं, म्हणजे मनोविश्लेषणातलं समर्थनीकरण, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठी रंगभूमीवर दुसरं मला आठवत नाही. रामलालला हे कुणी डॉक्टर सांगत नाही. तो स्वतःचा स्वतः पोचतो, आणि पोचायला उशीर लावतो. गटाने इथे एक प्रश्न घ्यावा आणि तासभर सोडू नये: रामलालचं स्वगत ही खरोखर कबुली आहे की दुसरं, जास्त सभ्य समर्थन? त्यागाचा आनंद त्याला किती आवडतोय? त्याची वाक्यं मोठ्याने वाचा. उत्तर वाक्यांच्या लयीत सापडेल, सिद्धांतात नाही.

तळीराम हा विनोदाचा भाग म्हणून सोडू नका. लुडविग येकेल्सची एक कल्पना फ्रॉइडने त्याच लेखात उचललीय: शेक्सपिअर कधीकधी एकाच माणसाचे दोन तुकडे करून दोन पात्रं करतो, आणि ती एकत्र जोडल्याशिवाय दोन्ही समजत नाहीत. मॅकबेथ आणि त्याची बायको असे दोन तुकडे. सुधाकराच्या एका बाजूला रामलाल, दुसऱ्या बाजूला तळीराम. एक सदैव सावरणारा, एक सदैव ओतणारा. तळीराम अंथरुणाला खिळून मरतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य भांडत असतात आणि प्रेक्षक हसत असतो. सुधाकराच्या मरणावर तो हसणार नाही. म्हणून हसण्याजोगा भाग आधीच वेगळा काढून तळीरामाच्या नावावर ठेवलेला. असं वाचून बघा. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही ते रामलालइतकं पक्कं वाटत नाही.

सुधाकराची बायको सिंधू हिच्यापाशी सगळ्यात जपून. नवऱ्याच्या शपथेपायी माहेरचा पैसा न घेणारी, दळण दळून घर चालवणारी, त्याच्या मारानेच जखमी झाल्यावर फौजदारासमोर खोटं बोलून त्याला वाचवणारी बाई. इथे ‘आत्मपीडन’ हा शब्द जिभेवर तयारच असतो. तो उच्चारण्याआधी तीन गोष्टी करा. तिच्या तोंडी ज्या आदर्श स्त्रिया येतात त्यांची यादी करा आणि सुधीर कक्करांच्या १९७८च्या ‘द इनर वर्ल्ड’मधलं सीतेच्या आदर्शाबद्दलचं विवेचन वाचा. एका समाजाने मुलींना शिकवलेलं वळण हे एकट्या बाईचं दुखणं म्हणून खपवता येत नाही. दुसरं, तिला पर्याय कुठले होते ते १९१९च्या कायद्याने, पैशाने आणि वयाने मोजा. तिसरं, नाटकातल्या गीताशी तिची तुलना करा. गीता तळीरामाची बायको आहे आणि तोंड मिटून बसत नाही. लेखकाला दुसऱ्या तऱ्हेची बाई दिसत होती, हे गीतेमुळे सिद्ध होतं. मग शोकांतिका सिंधूची का, हा प्रश्न सिंधूपेक्षा लेखकाला आणि प्रेक्षकाला विचारायचा.

आणि प्रेक्षकाला तो विचारायलाच हवा. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात सुधाकर होते गणपतराव बोडस, सिंधू होते बालगंधर्व. पुरुषाने साकारलेल्या पतिव्रतेच्या हालांवर बाया आणि पुरुष दोघेही रडले, वर्षानुवर्षं. रडणारा नवरा कुणाच्या जागी स्वतःला ठेवत होता? मारणाऱ्याच्या, की क्षमा मिळणाऱ्याच्या? मला दुसरं जास्त शक्य वाटतं, आणि ते फारसं सुखद नाही.

आता जे हाती आलंय ते मोडून बघायची पायरी. गटातल्या एकाने पूर्ण वेळ विरोधी पक्ष व्हायचं. त्याने निदान दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हे व्यसन आहे आणि व्यसनाला स्वतःची शरीरप्रक्रिया असते. मग मनोविश्लेषणाची गरज काय? पुण्यात हा प्रश्न हवेतला नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केलं, त्याला आता जवळपास चाळीस वर्षं होतील, आणि तिथल्या कामाबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं काही वाचून या. सुधाकराची दारू अपमानाने सुरू झाली, हे तो स्वतः सांगतो. पण ती सुरू राहायला अपमानाची गरज उरते का, हे तपासा. माझ्या वाचनात सुरुवातीला मनाचं उत्तर पुरतं, पाचव्या अंकापर्यंत शरीराचं जास्त पुरतं. दोन्ही एका पानावर मावतात.

दुसरी हरकत एल. सी. नाईट्सने १९३३मध्ये इंग्रजी टीकेला घातलेली. लेडी मॅकबेथला मुलं किती होती, असलं विचारणाऱ्यांची त्याने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच टर उडवली होती. पात्राला संहितेबाहेर बालपण नसतं. म्हणून प्रत्येक विधानापुढे अंक आणि प्रवेश लिहायचा. ज्याच्यापुढे लिहिता येत नाही ते खोडायचं, कितीही आवडलं तरी. मी पाहिलंय, यात सगळ्यात सुंदर वाक्यं जातात.

आणखी एक काट मारायची आहे. गडकऱ्यांचं मन, त्यांचं घर, त्यांचं आजारपण यांत शिरू नका. पात्राचं बोलणं थेट लेखकाच्या खात्यावर टाकायची सवय इथे महाग पडलेली आहे. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकात संभाजी महाराजांची बदनामी असल्याचं म्हणत जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडण्यात आला. त्या वादाला राजकारणाच्या आणि इतिहासलेखनाच्या बाजू आहेत, त्या इथे सोडवायच्या नाहीत. पण नाटकात कोण बोलतंय, कुणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे न विचारता वाचलेल्या संवादाचं काय होतं, एवढं त्यातून दिसतं.

लिहायचं असेल तर एकच वळण घ्या, एका पानावर. ‘सुधाकराचं मनोविश्लेषण’ असं शीर्षक देऊ नका, ते पानात मावत नाही. ‘सनद गेल्यानंतरचा सुधाकर’ किंवा ‘रामलाल भगीरथाला अडवतो तेव्हा’ असं द्या. आधी प्रसंग सांगा, मग न जुळणारं माप दाखवा, संज्ञा सगळ्यात शेवटी, आणि एकदाच. संज्ञा काढून टाकल्यावर पान वाचता आलं तर पान बरं आहे.

पुढचं नाटक म्हणून ‘हॅम्लेट’ घ्यायचा मोह होईल. आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे त्याचं भाषांतर आहे, १८८३चं, आणि त्यावर हक्क सांगायला पुण्याला कुणी शिकवायला नको. पण त्या नाटकाचं फ्रॉइडने आणि मग अर्नेस्ट जोन्सने इतकं तयार उत्तर देऊन ठेवलंय की गट संहिता उघडण्याआधीच मान डोलावू लागतो. त्याआधी पुलंनी मराठीत आणलेला ‘राजा ओयदिपौस’ वाचा, वर दिलेल्याच पद्धतीने. ज्या नाटकावरून ईडिपस गंडाला नाव मिळालं, त्यातल्या नायकाला आपल्या आईबापांबद्दल नेमकं काय माहीत असतं आणि कधी, याचे तीन रकाने भरायला एक संध्याकाळ पुरत नाही.