पोस्ट टाकण्याआधी

अगं, पोस्ट अजून टाकली नाहीस ना? मग आधी माझं ऐक. गप्प बस असं मी सांगणार नाही, ते सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

पण तुझं हे वाक्य बघ: 'हा माणूस लंपट आहे, ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.' 'सगळे' म्हणजे कोण? त्यातलं कोण साक्षीला येईल? त्याऐवजी तारीख लिही, केबिन कुठली, तो नेमकं काय बोलला, तू काय म्हणालीस. तुझ्यावर गुदरलं तेवढंच, ऐकीव काही नको.

बदनामी आपल्याकडे अजूनही फौजदारी गुन्हा आहे गं. आधी दंड संहितेचं कलम 499-500, आता न्याय संहितेचं 356. दोन वर्षांपर्यंत कैद. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा कायदा घटनेत बसतो असं ठरवलं. मला ते आजही पटत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा करता येत असताना तुरुंग कशाला? आणि नुसतं खरं बोलून सुटकाही नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही पटवावं लागतं.

पत्रकार प्रिया रमाणींचंच बघ. 1993 साली मुंबईच्या हॉटेलात झालेल्या नोकरीच्या मुलाखतीतल्या गैरवर्तनावरून त्यांनी 2018 मध्ये एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर तेव्हा केंद्रात मंत्री. पद गेलं, पण त्यांनी बदनामीचा खटला भरला आणि आरोपी म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या त्या रमाणी. 17 फेब्रुवारी 2021 ला दिल्लीच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. कित्येक वर्षांनीही बाईला हव्या त्या व्यासपीठावर आपलं गाऱ्हाणं मांडता येतं, असं निकालात म्हटलं. फार मोठी गोष्ट आहे ही! पण तोवर दोन वर्षांहून जास्त काळ तारखा चालल्या. मुलाखतीच्या रात्रीच ज्या मैत्रिणीला त्यांनी सगळं सांगितलं होतं, तिची साक्ष मोलाची ठरली. तू त्या दिवशी कुणाला सांगितलंस? ते मेसेज पुसू नकोस.

आधी ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दे. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नकोस. अधिकार असलेल्यांकडे सद्हेतूनं केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, तसा अपवाद त्याच कलमात आहे. मात्र तक्रारीतला मजकूर बाहेर छापायला मनाई आहे, म्हणून पोस्ट तूर्त बाजूला ठेव.

शनिवारी ये. दोघी मिळून तक्रार लिहू, आणि सोमवारी पोच घ्यायला मीही तुझ्याबरोबर येते.