पाटीवरची नजर

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केलेली असल्याने तू छडीला शिवत नाहीस, आणि तिच्या जागी भिंतीवर नावांचा तक्ता लावून सद्वर्तनाबद्दल तारे व शनिवारी गोळ्या वाटतोस, हे वाचून पूर्वार्धाने मला जितके समाधान वाटले तितकीच उत्तरार्धाने काळजी वाटली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. जिभेचे टोक बाहेर काढून, ‘क्ष’ची गाठ मनासारखी जमेपर्यंत पाटी पुसून पुनःपुन्हा गिरवीत बसणारा. कौतुकाने मी त्याला सर्वांसमक्ष रंगीत पेन्सिल बक्षीस दिली. आठवड्याभरात तो ओळ संपण्यापूर्वीच मान वर करून माझ्या मेजाकडे पाहू लागला. छडीच्या धाकाने मुले जिकडे पाहतात तिकडेच, म्हणजे शिक्षकाच्या हाताकडे, पाहण्याची सवय मीच त्याला लावली होती, आणि ते शल्य अद्याप गेलेले नाही.

1907 साली रोममध्ये पहिले बालगृह काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनी एका वर्गात पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे. बक्षिसाचा रुपेरी क्रूस गळ्यात घातलेला मुलगा साहित्याची ने-आण करण्यात गढला होता. शिक्षा म्हणून दुसऱ्याला मधोमध खुर्चीवर बसवले होते. क्रूस खाली पडला, तो खुर्चीवरच्या मुलाने उचलून परत देऊ केला, तेव्हा काम करणाऱ्याने त्याची पर्वा केली नाही, तूच घाल म्हणाला. आणि शिक्षा झालेला मुलगा तो छातीवर नीट रुळवून समाधानाने बसून राहिला. ज्याला काम होते त्याला बक्षीस नको होते, हे मला पेन्सिलीपूर्वी कळायला हवे होते. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून 1945 मध्ये बोर्डीस आलेल्या ताराबाई मोडकांची वाट हीच.

तक्ता मात्र उद्याच फाडू नकोस. कबूल केलेल्या गोळ्या या शनिवारी दे, कारण शब्द फिरवणे हीदेखील मुलांना शिक्षाच वाटते. एखादा दुसऱ्याला मारू लागला तर हात धरून थांबव, तेथे संकोच नको. पण सांडलेले पाणी ज्याचे त्याला पुसू दे, आणि वर्गासमोर त्याचा पंचनामा करू नकोस. ज्या दोघांच्या खोड्यांनी तू हैराण आहेस, त्यांच्याकडे कुंड्यांची देखभाल सोपव व त्यांच्याजवळ बसून कोणत्या रोपाला कोंब फुटला ते विचार.

दिवाळीस येशील तेव्हा त्या दोघांच्या वह्या घेऊन ये. शेरे न मारता पाहीन.

तुझी,
आत्या