प्रार्थनेत बोलतो, वर्गात नाही

माध्यमिक शाळेत स्पीच थेरपिस्टचं काय काम, हे मला शाळेच्या शिपायांनीही विचारलं आणि संस्थेच्या एका विश्वस्तांनीही. दोघांचा समज एकच होता. बोबडं बोलणारी मुलं बालवाडीत असतात, आठवीपर्यंत सगळं आपोआप सुटतं. आमच्या व्यवसायातही लहान मुलं आणि पक्षाघाताचे रुग्ण यांच्याकडेच जास्त लक्ष जातं, मधलं वय राहून जातं. मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले आणि गेली काही वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जाते. तिथं जे समजलं, ते क्रमानं लिहिते. क्रम महत्त्वाचा म्हणून नाही, मोजायला बरं पडतं म्हणून.

१. या वयाचं मूल अडचण लपवण्यात तरबेज झालेलं असतं

पाच वर्षांचं मूल अडखळतं ते सगळ्यांसमोर. चौदा वर्षांचं मूल अडखळताना दिसतच नाही, कारण ते बोलतच नाही. तोतरेपणा असलेला नववीतला मुलगा वर्गात प्रकट वाचन सुरू झालं की पुढची बाकं मोजतो. आपला परिच्छेद कोणता ते काढतो आणि पाळी यायच्या आधी ‘सर, पाणी पिऊन येऊ?’ विचारतो. हा प्रश्न तो अजिबात न अडखळता विचारतो, कारण रोज विचारून तो घोटलेला असतो. उत्तर येत असलं तरी ‘माहीत नाही’ सांगतो. जो शब्द अडतो त्याच्या जागी दुसरा टाकतो, म्हणून त्याचं बोलणं थोडं विचित्र वाटतं, पण तोतरं वाटत नाही. फक्त स्वतःचं नाव बदलता येत नाही. त्यामुळे नवीन शिक्षक आले की पहिला तास त्याला सगळ्यात जड जातो.

शिक्षकांची तक्रार ठरलेली असते. ‘मॅडम, प्रार्थना, प्रतिज्ञा, पसायदान सगळं खणखणीत म्हणतो. वर्गात विचारलं की दातखीळ. नाटकं आहेत.’ नाटकं नसतात. चारचौघांच्या सुरात सूर मिसळून बोलताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, गातानाही होतो, हे आमच्या शास्त्रातलं फार जुनं निरीक्षण आहे. ‘प्रार्थनेत बोलतो, वर्गात नाही’ हे वाक्य ऐकलं की मी त्या मुलाला त्याच आठवड्यात बोलावून घेते.

२. बोली म्हणजे दोष नव्हे

पहिल्या वर्षी शिक्षकांनी दिलेल्या यादीत बरीचशी मुलं ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हणणारी होती. काही ‘काय करलालास बे’ म्हणणारी होती. हे सोलापूर आहे, इथं असंच बोलतात. आईवडील, शेजारी, रिक्षावाले सगळे तसंच बोलत असतील तर ते मूल आपली भाषा उत्तम शिकलंय. ण निबंधात, भाषणात हवा असेल तर मराठीच्या बाईंनी तो जरूर शिकवावा. ते माझं काम नाही, आणि त्या मुलाला माझ्या खोलीत पाठवणं म्हणजे त्याच्या घराला आजारी ठरवणं. ती नावं मी यादीतून काढून टाकली. यावरून थोडी कुरबुर झाली, ती होऊ दिली.

३. घरची भाषा ऐकल्याशिवाय निदान करू नये

पूर्व भागात घराघरांत तेलुगू आहे, थोडं पुढे गेलं की कन्नड, आणखी पुढे दखनी. मूल पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याची दुसरी भाषा असते. आठवीत ते ‘घर’ला ‘गर’ आणि ‘भात’ला ‘बात’ म्हणतं, ‘ती पुस्तक’ म्हणतं. रोजच्या बोलीतल्या तेलुगूत महाप्राण फारसे उच्चारले जात नाहीत आणि मराठीसारखी तीन लिंगंही तिथं नाहीत. तेव्हा या चुका भाषेच्या दोषाच्या नाहीत, दोन भाषांच्या सांध्यावरच्या आहेत.

मला तेलुगू येत नाही. म्हणून मी आजीला बोलावते. आई येऊ शकत नाही, कारण ती विड्या वळते आणि त्या वेळेत कारखान्यात द्यायच्या असतात; न दिलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. मी आजीला सांगते की नातवाकडून काल काय काय झालं ते तेलुगूत सांगून घ्या. आजी मध्येच हसली, उलट प्रश्न विचारू लागली, दोघांची जुंपली, की मला कळतं की या मुलाची भाषा शाबूत आहे, त्याला फक्त मराठीत जास्त वावरायला हवं. आजी म्हणाली, ‘हा घरी पण असाच. अर्धं बोलतो, अर्धं आपणच समजून घ्यायचं,’ तर ती खरी अडचण. भाषेचा विकार असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो, एकट्या मराठीत नाही.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. ‘घरी तेलुगू बंद करा, मराठीच बोला’ हा सल्ला कुणी देऊ नये. आईला धड येत नाही त्या भाषेत तिनं मुलाशी बोलायचं म्हणजे त्याच्या वाट्याची उरलीसुरली भाषाही काढून घ्यायची.

४. ‘अभ्यासात कच्चा’ म्हणजे काय, ते एकदा नीट पाहावं

माझ्या कामाचा मोठा भाग इथं जातो, आणि हा भाग कुणाला वाचा-उपचार वाटतच नाही. उच्चार स्वच्छ, ऐकू नीट येतं, बुद्धीही चांगली, तरी भाषा पकडण्यात, साठवण्यात आणि मांडण्यात मूल मागं पडतं. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत शाळकरी मुलांत याचं प्रमाण सुमारे सात टक्के आढळलं. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात तेच प्रमाण धरलं तर चार जण झाले. ते मागच्या बाकावर असतात आणि त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या यादीत येत नाहीत.

आठवीपर्यंत अशा मुलाचं पाठांतरावर निभावतं. पुढं पुस्तकाची भाषाच बदलते. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचे धडे आले की परावर्तन, अपवर्तन, अपस्करण असे तीन सारखे वाजणारे शब्द एकापाठोपाठ येतात. एका मुलीला मी विचारलं, पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल तिरकी का दिसते? तिनं कागदावर किरण अचूक वाकवून दाखवला, आणि तोंडानं म्हणाली, ‘ते… असं… तिकडनं जातं ना.’ उत्तरपत्रिकेत ‘ते असं तिकडनं’ला गुण नाहीत.

गणिताचंही तेच. ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ हे वाचून मूल ५ मधून दुप्पट वजा करतं, कारण ‘५’ आणि ‘कमी’ हे शब्द शेजारी दिसतात. त्याला बीजगणित येत नाही असा शेरा पडतो. त्याला ‘पेक्षा’ समजलेलं नसतं.

इथं मी जिभेचे व्यायाम घेत नाही. विज्ञानाच्या सरांकडून पुढच्या धड्यातले मोजके शब्द आधीच मागून घेते आणि धडा वर्गात सुरू होण्यापूर्वी ते मुलांच्या तोंडी बसवते: शब्द फोडून, चित्र काढून, आपल्या वाक्यात वापरून. प्रश्नांची क्रियापदंही शिकवते. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की दोन बाजू हव्यात, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ म्हटलं की ‘कारण’पासून ‘म्हणून’पर्यंत साखळी हवी, ‘टीप लिहा’ म्हणजे आठवेल ते सगळं नव्हे. बाकीच्या मुलांना हे कुणी शिकवत नाही, ती हवेतून उचलतात. या मुलांना हवेतून उचलता येत नाही, हीच तर अडचण आहे.

५. आधी कान

बोलण्याची कुठलीही तक्रार आली की पहिला कागद ऑडिओग्रामचा, म्हणजे श्रवणचाचणीचा. यात सवलत नाही. वाहणाऱ्या कानाला आमच्याकडे ‘सर्दीमुळे होतं’ म्हणतात आणि गोडं तेल घालतात. शिवाय इथल्या यंत्रमागाच्या शेडचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि काही घरांत माग आणि बिछाना यांच्यात एक भिंतच असते. अशा आवाजानं बिघडणारा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास बिघडतो. म्हणजे हाक ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात. मग सगळे म्हणतात की ह्याला ऐकू तर येतं, लक्ष नसतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक शाळेत येईल त्या दिवशी संशयित मुलांची यादी तयार ठेवा, नाही तर वजन-उंचीतच दिवस संपतो.

श्रवणयंत्र मिळालं की प्रश्न सुटला असं वाटतं. नववीत ते यंत्र दप्तराच्या आतल्या कप्प्यात जातं. मुली वेणीखाली लपवू शकतात, मुलं काढूनच ठेवतात. आणि त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवणं नेहमीच बरोबर नसतं. तिथून शिक्षक दिसतात, पण मागून उत्तर देणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. दुसरं बाक, कडेचं, पंख्यापासून लांब. ही जागा बहुतेकांना मानवते.

६. आवाज फुटला नाही म्हणून कुणी मुलगी होत नाही

वयात येताना मुलग्यांचा स्वर साधारण एक सप्तक खाली येतो. काहींचं स्वरयंत्र वाढतं, पण जुन्या उंच स्वराची सवय सुटत नाही. पोरं त्याला काय काय नावांनी हाका मारतात ते इथं लिहीत नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी स्वरयंत्र पाहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं की खोकला काढायला लावून, गळ्याच्या घाटीवर बोटानं हलका दाब देऊन खालचा स्वर शोधून काढता येतो. आमच्या कामात इतक्या लवकर गुण येणारं दुसरं काही नाही. स्वतःचाच आवाज ऐकून मुलगा दचकतो. मग घरी काय सांगायचं या चिंतेत पडतो, तेव्हा मी त्याला नवा आवाज सुरू करायला सुट्टीचा मुहूर्त काढून देते.

जाता जाता: शाळेत सगळ्यात जास्त बिघडलेले आवाज शिक्षकांचे असतात. साठ मुलं, पंखा, बाहेर मैदान. खेळाच्या सरांचा बसलेला घसा सुधारला, तेव्हापासून मला खोली मिळवायला कधी अर्ज करावा लागला नाही.

७. खेळाचा तास तोडू नये

मुलाला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला बोलावलं तर ते येतं, पण मनानं येत नाही. आणि वर्गाच्या दारात उभं राहून नाव पुकारू नये. मुलं मित्रांना सांगतात, ‘वक्तृत्वाच्या तयारीला जातो.’ सांगू द्यावं.

८. खरं तेच सांगावं

‘एवढा मोठा झाल्यावर सुधारतो का?’ आणि मुलगी असेल तर ‘लग्नाचं कसं?’ हे दोन प्रश्न चुकत नाहीत. वेखंड उगाळून झालेलं असतं, जिभेखालचा पडदा कापून आणा असं कुणीतरी सांगितलेलं असतं. तोतरेपणा जिभेखालच्या पडद्यामुळे होत नाही. लहानपणी अडखळणारी बहुतेक मुलं काही वर्षांत सावरतात. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी जो तोतरेपणा उरतो, तो बव्हंशी सोबत राहतो. प्रौढांत सुमारे एक टक्का माणसं तोतरं बोलतात. हे मी पालकांना सांगते आणि मुलासमोर सांगते. ‘तीन महिन्यांत शंभर टक्के’ अशा जाहिराती छापणाऱ्यांकडे जाऊन आलेलं घर हे ऐकून आधी चिडतं.

मग आम्ही काय करतो? अडलेल्या शब्दावर जोर काढण्याऐवजी तो सैल सोडायला शिकतो. मुद्दाम अडखळून पाहतो. एसटी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत अक्कलकोटची गाडी विचारतो, पहिल्यांदा मी अडखळून विचारते, मग तो. खिडकीतला माणूस वैतागत नाही असं नाही. पण गाडीची वेळ कळते, आणि अडखळत विचारलं तरी गाडीची वेळ कळते हे मुलाला समजतं. हे त्याला माझ्या खोलीत कधीच समजलं नसतं.

९. कागद वेळेत करावा, आणि कागदाची मर्यादाही ओळखावी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ‘वाचा व भाषा’ असा प्रकार आहे म्हणून पालक आशेनं येतात. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा वाचाघातामुळे येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाभोवती लिहिली आहे. तोतरेपणा असलेला शाळकरी मुलगा त्यात सहसा बसत नाही. भाषा विकाराच्या मुलांना विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या दारातून जावं लागतं. प्रमाणपत्र मिळालं तर लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास. त्यासाठी नववीतच तपासणीला लागावं. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

आणि जो कशातच बसत नाही, त्याच्यासमोर भाषा विषयांची तोंडी परीक्षा उभी असते. तिच्यात त्याला सांभाळून घ्यायला कुठलाही दाखला लागत नाही, कारण ती शाळेतच, त्याच्याच शिक्षकांसमोर होते. म्हणून या परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे. अडखळणाऱ्या मुलाला पहिल्यांदा बोलवा, रांगेत ताटकळत ठेवू नका. खोलीत बाकीची मुलं नकोत. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, ‘सावकाश बोल’ म्हणू नका, घड्याळाकडे पाहू नका. गुण मजकुराला द्या, ओघाला नाही. यासाठी स्पीच थेरपिस्ट लागत नाही, आणि तुमच्या शाळेत तो बहुधा नसेलच.