डुकराच्या आतड्यातील देवघेव

डुकराच्या आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू नांदतात. त्यांपैकी ‘ई. कोलाय’ अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दहा तासांत एकाचे सुमारे १०७ कोटी! हिशेब करून पाहा.

डुकरे लवकर वाढावीत म्हणून चीनमध्ये खाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक मिसळीत. त्याला दाद न देणारे जीवाणू उरले, वाढले. २०१५ मध्ये त्यांच्यातील ‘एमसीआर-१’ जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये ते होते. १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांतही! हे जनुक प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-कड्यावर असते. ते कडे शेजारच्या जीवाणूलाही मिळते.

इतर औषधे हरली की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. म्हणूनच चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा त्याचा वापर थांबविला. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत ते बंद केले.